महाराष्ट्राच्या भरतपूरहून मूळ भरतपूरला

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. डिसेंबर उजाडला की स्थानिक पेपरात दरवर्षी तोच मथळा येतो, ‘महाराष्ट्राचं भरतपूर गजबजलं’. म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. मूळ भरतपूर राजस्थानातलं, तिथलं केवलादेव उद्यानही पक्ष्यांसाठीच प्रसिद्ध. गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली इंग्रजांनी १९०७ ते १९१३ दरम्यान बंधारा घातला, त्यात गाळ साचत गेला, गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणवनस्पती आल्या आणि त्यांच्यामागे पक्षी आले. २०२० च्या सुरुवातीला ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, तेव्हा गावात पेढे वाटले होते. रामसर हे इराणमधल्या गावाचं नाव आहे, तिथे १९७१ साली पाणथळ जागांसाठी करार झाला, हे निम्म्या गावाला तेव्हाच कळलं. त्याआधी काही जणांना तो रामाचा सर वाटत होता.

माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आईला थंडी सोसत नाही, म्हणून ती येणार नव्हती. अण्णा म्हणाले, “ज्याच्या नावावर आपलं चाललंय, ते एकदा बघून तर येऊ.” संक्रांतीच्या आठवड्यात निघालो.

पहिला दिवस : धुकं

नाशिकरोडहून मथुरा आणि तिथून टॅक्सीने भरतपूर, चाळीसेक किलोमीटर. कागदावर सोपं. आग्र्याच्या अलीकडे धुक्याने गाडीला असं धरलं की सकाळी नऊला पोहोचायची ती दुपारी चारला मथुरेत शिरली. जानेवारीत तिकडे जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी काहीही ठरवू नये. आमची त्या दुपारची फेरी बुडालीच.

मुक्काम उद्यानाच्या फाटकापासून चालत जाता येईल अशा एका घरगुती लॉजवर होता. मालकीणबाई पन्नाशीच्या, डोक्यावरून पदर, बोली ब्रज. ‘आओ’ ऐवजी ‘आऔ’ म्हणायच्या. अंगणात शेकोटी होती. बाजरीची भाकरी, सरसोंचा साग, वर पांढरं लोणी आणि गुळाचा खडा. अण्णांनी भाकरी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “आपल्यापेक्षा जाड आहे, पण पीठ ताजं आहे.” त्यांच्याकडून एवढं कौतुक म्हणजे फार झालं. मी आईने दिलेला तिळगूळ बाईंना दिला, तर त्यांनी आतून गजक आणली. तीळगुळाचीच वस्तू, पण कागदासारखी पापुद्र्याची आणि कुरकुरीत. “तुमच्या लाडवानं दात पडतात,” असं त्या हसत म्हणाल्या. खोटं नव्हतं.

रात्री दोन रजया घेऊनही पाय गरम होईनात. स्वेटरवर जाकीट, कानटोपी आणि हातमोजे हे चारही लागतातच. नाशिकची थंडी माहीत आहे म्हणून गाफील राहू नका.

दुसरा दिवस : सारस, अजगर आणि लोखंडी दरवाजा

सकाळी साडेसहाला फाटकावर पोहोचलो. केवलादेव राष्ट्रीय उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, त्यात एक सरळ डांबरी रस्ता आणि त्याला फुटणारे मातीचे बांध. आत पायी, सायकलने किंवा रिक्षाने फिरायचं. आम्ही सायकलरिक्षा घेतली. इथल्या रिक्षावाल्यांना पक्ष्यांची ओळख करून देण्याचं रीतसर शिक्षण मिळालेलं आहे आणि त्यांतले बरेचजण शीख आहेत. आमचे सरदारजी साठीचे, गळ्यात दुर्बीण, मफलर नाकापर्यंत. पक्ष्यांची नावं इंग्रजीत, बाकीचं सगळं पंजाबी हेलाच्या हिंदीत.

पहिला तासभर धुक्यात आवाजच ऐकले. मग पडदा हळूहळू वर गेला आणि पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाक दिसायला लागले. घरट्यांचा हंगाम सरत आलेला, पिल्लं आईबापांएवढी झालेली, तरी चोच वासून भीक मागत होती. खाली तलवार बदकं, थापटे आणि वारकरी नावाच्या पक्ष्यांची तर दिंडीच. दूर उघड्या गवतावर पट्टकादंब चरत होते. हा हंस हिमालय ओलांडून येतो. नांदूरला तो लांबूनच पाहिला होता, इथे इतका जवळ होता की डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दुर्बिणीशिवाय मोजता आल्या.

आठच्या सुमारास सारसाची जोडी दिसली. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच पक्षी, लाल मान. दोघांनी माना वर करून एकाच वेळी जो आवाज काढला तो पोटात घुमला. मी फोटो काढायचं विसरले. वळून अण्णांकडे पाहिलं, तर ते रिक्षातून उतरून बांधावर वाकले होते.

“अण्णा, सारस!”

“पाहिले गं. हे बघ, स्क्रूचा दरवाजा आहे. आपल्या चारीच्या मुखाशी असतो तसाच. सील गेलंय खालचं, पाझरतंय.”

मग मलाही दिसायला लागलं. हे अख्खं उद्यान म्हणजे बांधांनी पाडलेले वाफे आहेत आणि प्रत्येक वाफ्याला दरवाजा आहे. जागा मुळात नैसर्गिक खोलगट. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी अडवायला अठराव्या शतकात महाराजा सूरजमलने शेजारी अजान बांध बांधला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संस्थानने बदकांच्या शिकारीसाठी आतले बांध आणि दरवाजे घालून पाणी हवं तसं खेळवलं. म्हणजे नांदूरसारखंच, माणसाने पाटाच्या कामातून घडवलेलं. अण्णांना ही गोष्ट फार पटली. पुढचे तीन दिवस ते या जागेला ‘प्रकल्प’ म्हणत होते.

शिकारीचा हिशेब केवलादेवाच्या मंदिराजवळ दगडी पाट्यांवर कोरलेला आहे. तारीख, पाहुणा, किती पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, एका दिवसात ४,२७३. मी तो आकडा दोनदा वाचला. स्वातंत्र्यानंतर तळं आटवून शेतीला जमीन द्यावी अशी मागणी होती. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी थेट नेहरूंपर्यंत जाऊन ते थांबवलं. १९८१ मध्ये ओडिशातलं चिल्का सरोवर आणि केवलादेव ही भारताची पहिली दोन रामसर स्थळं झाली आणि १९८५ मध्ये युनेस्कोने केवलादेवला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

मंदिराजवळ चहा मिळतो. तिथेच सरदारजींना सायबेरियन क्रौंचांबद्दल विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

पांढराशुभ्र पक्षी, लाल तोंड, पंखांची टोकं काळी. पश्चिम सायबेरियातून ओब नदीच्या खोऱ्यातून निघून कझाकस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा पाच हजारांहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून तो इथेच हिवाळा काढायचा. १९६० च्या दशकात इथे दोनशेच्या आसपास होते. वाटेत बंदुका होत्या, जाळी होती, अफगाणिस्तानात युद्ध होतं. १९९३ मध्ये स्थलांतरित प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली या एका पक्ष्यासाठी वेगळा समझोता झाला. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनच्या मदतीने बंदिवासात वाढवलेली पिल्लं आणून इथे सोडली गेली, की जंगली पक्ष्यांबरोबर ती वाट शिकतील. ती शिकली नाहीत. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली.

“मैंने देखा है उनको,” सरदारजी म्हणाले. “अगले साल हम रोज जाते थे देखने. नवंबर, दिसंबर, जनवरी. फिर किसी ने जाना बंद कर दिया.”

या क्रौंचांची पूर्वेकडची शाखा चीनमध्ये पोयांग सरोवरावर अजून उतरते, काही हजारांच्या संख्येने. भरतपूरची वाट मात्र संपली.

दुपारी ऊन पडलं तेव्हा सरदारजींनी आडवाटेला नेऊन अजगर दाखवला. साळिंदराच्या बिळाबाहेर ऊन खात पडलेला, मांडीएवढा जाड. हिवाळ्यात अकरा ते दोन ही त्यांची वेळ. पहाटे पक्षी, दुपारी अजगर, संध्याकाळी पुन्हा पक्षी असा दिवस आखला तर रिक्षाचे तास वाया जात नाहीत. भाडं तासावर ठरतं आणि दर फाटकावर लिहिलेले असतात. घासाघीस करायची गरज नाही. शेवटी मनाने वर काही द्यावं.

परतताना अण्णांनी सरदारजींना त्यांचा खास प्रश्न विचारला : “पानी की पाली कितने दिन की है?” पाळी म्हणजे आवर्तन हे समजवायला मला मध्ये पडावं लागलं. सरदारजी हसले. पाळी कसली, पाणी आलं तर आलं. वर करौली जिल्ह्यात गंभीर नदीवर पांचना धरण झालं आणि उद्यानाचं पाणी तिथे अडलं. वरचे शेतकरी म्हणतात, धरण आमच्या जमिनीवर, पाणी आधी आम्हाला. मध्ये काही वर्षं तळी इतकी कोरडी पडली की आत गुरं चरायची. २००८ मध्ये युनेस्कोचं पथक पाहणीला आलं. आता गोवर्धन नाल्याचं पावसाळी पाणी सुमारे १७ किलोमीटरच्या पाइपातून आणतात आणि थोडं चंबळचं. उद्यानाची गरज वर्षाला ५५० दशलक्ष घनफूट.

अण्णांनी मनातल्या मनात हिशेब केला. “अर्धा टीएमसी! म्हणजे गंगापूर धरणाच्या दहाव्या हिश्श्याएवढं. एवढ्यासाठी जगाची माणसं विमानाने येतात?”

मग बराच वेळ गप्प बसले. जायकवाडीला पाणी सोडायचा आदेश आला की नाशिकच्या धरणांवर पोलीस बंदोबस्त लागतो, लोक दरवाज्यापाशी ठाण मांडून बसतात. अण्णा नोकरीत असताना अशा दोन रात्री धरणावर होते, आम्हाला फोनसुद्धा केला नव्हता. रिक्षातून उतरताना म्हणाले, “वरचा माणूसही खोटं बोलत नाही आणि खालचाही नाही. मधल्यानं चावी फिरवायची असते.”

तिसरा दिवस : गवताचे भारे आणि डीगची कारंजी

सकाळी भाड्याच्या सायकली घेतल्या. अण्णा सत्तरीचे असले तरी सायकल त्यांची माझ्याहून बरी, जन्मभर कालव्याच्या काठाने चालवलेली. सायकल घेताना ब्रेक आधी दाबून पाहा, माझा मागचा नावालाच होता. रिक्षापेक्षा सायकलवर शांतता जास्त मिळते आणि नीलगाय अगदी दहा फुटांवर उभी राहते.

एका बांधावर तीन बायका गवताचे भारे बांधत होत्या. थांबून बोललो. वय विचारलं तर सगळ्यात थोरली म्हणाली, “गोली चली थी तब मेरा ब्याह हुआ ही था.” तिच्यासाठी तेच साल आहे. १९८२. राष्ट्रीय उद्यान झालं म्हणून पिढ्यान् पिढ्या आत चरणाऱ्या म्हशींना एका फटक्यात बंदी झाली, लोक जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकरी मेले. ती भारा बांधत बांधतच सांगत होती, आवाज न चढवता. “म्हैस घास खाती थी, पानी खुला रहता था. म्हैस गई तो घास ही घास.”

हेच नेमकं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून निघालं. चराई थांबल्यावर पाण्यात एक प्रकारचं गवत माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं आणि क्रौंचांना कंद उकरायला जागा उरली नाही. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी मिळाली. १९९० साली केवलादेव माँट्रो नोंदीत गेलं. स्वित्झर्लंडमधल्या गावाच्या नावाची ही नोंद म्हणजे रामसर स्थळांमधल्या आजारी जागांची यादी. चिल्का १९९३ मध्ये त्यात गेलं, समुद्राला नवं मुख खणून दिल्यावर २००२ मध्ये बाहेर आलं.

त्या बाईने मला विचारलं, तुमच्याकडेही असं तळं आहे का? म्हटलं, आहे, त्याला आम्ही तुमच्याच गावाचं नाव दिलंय. तिला याचं काही विशेष वाटलं नाही. “म्हैस जाती है अंदर?” एवढंच विचारलं.

दुपारी डीगला गेलो, उत्तरेला पस्तीसेक किलोमीटर. मोहरीचा पिवळा दोन्ही बाजूंना डोळे दिपतील इतका. तारीख १४ जानेवारी होती. मराठी माणसाला या तारखेला या मुलखात काय आठवणार! १७६१ मध्ये पानिपतावरून जे जीव वाचवून निघाले ते उपाशी, उघडे, थंडीने कुडकुडत सूरजमलच्या हद्दीत आले. युद्धाआधी त्याचं भाऊसाहेबांशी बिनसलं होतं, तरी त्याने आणि राणी किशोरीने हजारोंना खाऊपिऊ घातलं, कपडे दिले, वाटेला लावलं. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर भरतपूरच्या किल्ल्यात होते आणि लॉर्ड लेकचे चारही हल्ले त्या मातीच्या तटांनी परतवले. वाड्याच्या दारात तिकीट तपासणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही नाशिकचे, मराठे मुलखातले, असं सांगितलं तर तो म्हणाला, “तो फिर मेहमान हो.” तिकीट मात्र घेतलं.

डीगचे जलमहाल म्हणजे अण्णांसाठी तीर्थयात्रा. गच्चीवर मोठा हौद, त्याच्या भिंतीत भोकांच्या रांगा. हौद बैलांच्या मोटेने भरायचे, त्याला दिवसच्या दिवस लागायचे. भोकांत कापडाचे बोळे. हवं ते कारंजं चालवायचं तर त्याचा बोळा काढायचा, रंगीत पाणी हवं तर रंगाची पुरचुंडी आत सारायची. पंप नाही, सगळं उतारावर. कारंजी एरवी बंदच असतात, जत्रेपुरती सुरू करतात. बंद कारंज्यांपुढे अण्णा तासभर बसले होते. जेवणाची सोय तिथे धड नाही, भरतपूरहून पोटभर बेडई आणि बटाट्याची रस्साभाजी खाऊन निघावं. बेडई म्हणजे उडदाच्या सारणाची तिखट पुरी. बरोबर जिलबी घेतात. सकाळी आठलासुद्धा.

चौथा दिवस : चंबळ

खरं तर या दिवशी आग्रा ठरलं होतं. सरदारजींच्या ‘थोडं चंबळचं’ या शब्दांनी अण्णांचं चित्त उडालं होतं. “ताज फोटोत पाहिलाय. पाणी कुठून उचलतात ते बघू.” पहाटे टॅक्सी करून धौलपूरकडे निघालो, तीन तास लागले.

राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या मध्ये नदी वाहते. दोन्ही काठांना मातीचे उभे सुळके, बेहड. पाणी निळसर आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ. गंगेच्या खोऱ्यात एवढी स्वच्छ नदी असेल असं वाटलं नव्हतं. बोटीत आम्ही दोघं, नावाडी आणि इंदूरचं एक जोडपं. वाळूच्या बेटावर चक्रवाकांची जोडी, एका टोकाला पाणचिऱ्यांचा थवा, त्यांची नारिंगी चोच, खालचा जबडा लांब. आणि मग सुसरी. एक, चार, नऊ. पुढे मोजायचं सोडलं. नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा असतो, म्हणून हिंदीत घडियाल. मासे खाऊन राहणारा, लाजरा प्राणी. बोट जवळ गेली की एकेक करून पाण्यात घसरत होत्या, आवाज न करता.

१९७० च्या दशकात जगभरात यांची प्रौढ संख्या दोन-अडीचशेवर आली होती. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास आणि अन्न-शेती संघटनांच्या मदतीने भारतात मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. नदीकाठची अंडी गोळा करून उबवायची, पिल्लं मोठी करून नदीत सोडायची. चंबळ अभयारण्य त्यातूनच पुढे आलं, तीन राज्यांत पसरलेलं. २००७-०८ च्या हिवाळ्यात खालच्या अंगाला शंभरावर सुसरी मेल्या, मूत्रपिंडं निकामी होऊन. देशोदेशीचे पशुवैद्य आले होते. यमुनेतून आलेल्या विषारी माशांवर संशय होता. नावाड्याला ते दिवस आठवत होते. वास सांगितला त्याने. तो इथे लिहीत नाही.

बोटीसाठी सकाळी दहा ते बारा उत्तम, तेव्हा सुसरी ऊन खायला वर येतात. सावली कुठेच नाही, टोपी हवी. आणि बोटीत उभं राहायचं नाही, इंदूरच्या काकांनी ते केलं आणि नावाड्याची बोलणी खाल्ली.

परतीच्या वळणावर नावाड्याने लांब काठावर हात करून दाखवलं, त्या बाजूने पाणी उचलून पाइपाने धौलपूर, भरतपूरला जातं. प्यायला, आणि त्यातलं थोडं पक्ष्यांना. अण्णा पुढे सरकून बसले.

“म्हणजे सुसरींचं पाणी सारसांना.”

“हां बाबूजी. और यहाँ पानी कम हो तो टापू किनारे से जुड़ जाता है. फिर कुत्ते आ जाते हैं, अंडे खा जाते हैं.”

“किती उतरलंय या वर्षी?” अण्णांनी मराठीतच विचारलं. नावाड्याला शब्द कळले नसावेत, पण प्रश्न कळला. त्याने बांबू सरळ पाण्यात खुपसला, तळाला टेकवला, बाहेर काढून ओल्या खुणेवर अंगठा धरला. मग अंगठा तिथून दोन विती वर सरकवला : गेल्या जानेवारीत इथवर.

अण्णांनी खिशातून कालव्याच्या दिवसांपासूनची ती छोटी डायरी काढली, बांबू हातात घेतला आणि नावाड्याला म्हणाले, “एक बार और डालो. बीच में.”